धानाच्या जागलीवर ओर्का ऐकताना

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या समुद्रात ओर्कासाऊंड नावाच्या प्रकल्पाने हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे मायक्रोफोन, सोडलेले आहेत. त्यांचा आवाज इंटरनेटवर कुणालाही फुकट, थेट ऐकता येतो. ओर्का, म्हणजे किलर व्हेल, ऐकू आल्या की तिथेच बटण दाबून कळवायचं. साकोली तालुक्यातल्या आमच्या गावातून मी हे करतो. धान लोंबीवर आला की रानडुकरांपायी बांधीवर रात्रीची जागल असते. ऑक्टोबरात आपले रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे साडेआठ. मचाणीवर रेंजही घरापेक्षा बरी मिळते.

आधी कान तयार करावा लागला. तिथल्या मासेखाऊ ओर्कांचे जे, के आणि एल असे तीन कळप. सगळे मिळून साधारण 75 जीव. पिल्लं आयुष्यभर आईसोबत राहतात आणि कळपाच्या हाका तिथेच शिकतात. जॉन फोर्ड या संशोधकाने हाकांची वर्गवारी करून प्रत्येक कळपाची बोली वेगळी असते हे दाखवलं. जे कळपात एस1 ही हाक जास्त, केमध्ये एस16, एलमध्ये एस19. जुनी रेकॉर्डिंग उतरवून घेतली आणि दिवसा चुलतभावाच्या संगणकावर त्यांचे स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचे आलेख, पाहत बसलो. हाक कुठे चढते, कुठे तुटते हे आधी डोळ्यांना दिसतं, मग कानाला सापडतं.

प्रत्यक्षात मात्र बहुतेक वेळ जहाजंच ऐकू येतात. एक मालवाहू जहाज लांबून घरघरत येतं आणि बराच वेळ बाकी काहीच ऐकू देत नाही. पहिले काही दिवस मी तो अडथळा समजून फोन बंद करायचो. वाचत गेलो तसं कळलं की खरी गोष्ट तीच आहे. या ओर्का क्लिकसारखे आवाज काढून त्यांच्या प्रतिध्वनीवरून चिनूक सॅमन मासा शोधतात. जहाजाच्या गोंगाटात तो प्रतिध्वनी बुडतो, आणि चिनूक तर आधीच कमी झालेला. होडीतून वास घेणाऱ्या कुत्र्यांच्या मदतीने ओर्कांची विष्ठा गोळा करून केलेला एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. 2008 ते 2014 या काळात ओळखता आलेल्या गर्भधारणांपैकी 69 टक्क्यांपर्यंत वाया गेल्या होत्या, आणि उपासमार हे मोठं कारण निघालं. तो आकडा वाचून मला रात्रभर चैन पडली नाही.

एका रात्री तिथल्या व्हिडबी बेटाच्या बुश पॉइंटजवळच्या हायड्रोफोनवर बारीक, ताणलेली हाक आली. एक इयरफोन बाबांच्या कानात होता. ते म्हणाले, “हा त मांजरीचा पिल्ला वरडून रायला ना गा!” एस16 अगदी तशीच वाटते. मी बटण दाबलं. ती हाक दुसरे कळपही काढतात, म्हणून के कळपच होता असं ठामपणे लिहिलं नाही. थोड्याच वेळात जहाज आलं आणि हाका त्याखाली गेल्या. बाबांनी विचारलं, “मंग त्या जहाजाले हरू जाता येत नाई का?”

येतं. हळू चालणारं जहाज कमी आवाज करतं. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या हॅरो सामुद्रधुनीत 2017 पासून आणि बुश पॉइंटच्याच पट्ट्यात 2022 पासून मोठ्या जहाजांना ठराविक हंगामात वेग कमी करायला सांगतात. सक्ती नाही, तरी बरीच जहाजं ऐकतात. माझ्या मते ही सक्तीच असायला हवी.

त्याच समुद्रातल्या, सील खाणाऱ्या बिग्ज नावाच्या दुसऱ्या ओर्का तर शिकार करताना जवळजवळ मुक्याच असतात, भक्ष्याला चाहूल लागू नये म्हणून. तेव्हा हाक नाही म्हणजे ओर्का नाही, असं धरता येत नाही. तुम्ही ऐकायला बसणार असाल तर आधी जहाजाचा आवाज नीट ओळखायला शिका, आणि तोही वेळेसकट वहीत टिपा.