दुभाषी सांगते की...

घरी आले की आत्या एकदा तरी विचारतेच, "तू तिकडं करते काय नेमकं?" टोकियोत दहा वर्षं झाली, पण माझं उत्तर तिला अजून पटलेलं नाही. डॉक्टर, इंजिनिअर, सॉफ्टवेअर, या तीन खणांत मी कुठंच बसत नाही ना! यंदा दिवाळीनंतर नागपुरात महालातल्या घरी ओसरीवर सगळे बसले होते. काटोलहून मामा आला होता, अंबिया बहाराची करंडीभर संत्री घेऊन. पुन्हा तोच प्रश्न आला, तेव्हा म्हटलं, आज नीट सांगूनच टाकू.

"दोन माणसं बोलत असतात. एकाला जपानी येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी. मी मध्ये. तो म्हणाला, 'मला हा भाव परवडत नाही', की मी पण म्हणते, 'मला हा भाव परवडत नाही'. 'ते म्हणतात की त्यांना परवडत नाही', असं म्हणायचं नसतं."

"म्हणजे तू तोच होते?"

"तेवढ्यापुरती."

आत्यानं हातातलं सालपट खाली ठेवलं. "मंग असं सांग ना बाप्पा, तुह्या अंगात येते म्हणून!"

दोन वर्षं फी भरून दुभाषेपणा शिकले, इतकी नेमकी व्याख्या कुणी केली नव्हती. आत्याचा या विषयात अधिकारही आहे. आमच्या शेजारच्या काकूंच्या अंगात नवरात्रात यायचं, आणि त्यांना सावरून नंतर चहा पाजायचं काम आत्याकडे असायचं. काकूंना मागचं काही आठवत नसे. माझं उलटं आहे. मला सगळं आठवतं, पण आठवत नाही असं वागायचं असतं. खोलीतलं बोलणं खोलीतच ठेवायचं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. म्हणून आधीच सांगते, पुढची हकीकत ज्यांची आहे त्यांना विचारून लिहितेय. त्यांचा देश आणि हुद्दा तेवढा सांगणार नाही.

जपानीत हे अंगात येणं सोपं जातं. क्रियापदाला लिंग नाही, त्यामुळे पुरुषाचं बोलणं बाईच्या तोंडून निघालं तरी वाक्य अडत नाही. फक्त 'मी'साठी शब्द निवडावा लागतो. 'बोकु', 'ओरे' हे पुरुषी. 'वाताकुशी' कुणालाही चालतं आणि जरा इस्त्रीचंही वाटतं, मी तेच वापरते. पंचाईत होते मराठीत. मराठीत नुसतं 'मी' म्हणून सुटका नाही, पुढं आलो की आले ते सांगावंच लागतं. (त्यात आम्ही नागपूरच्या बाया 'मी आली' म्हणतो आणि माझी पुण्याची मैत्रीण दर वेळी सुधारते, ते भांडण वेगळं.) ही गोष्ट घरी सांगायला घेतली आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्यालाच मी "मी म्हणालो" म्हणून गेले. मामा हसला. आई हसली नाही, माझ्याकडे बघत राहिली.

तर त्यांना साहेबच म्हणू. चाळिशी ओलांडलेले, एका लहान देशाच्या वकिलातीतले अधिकारी. व्यापाराच्या बैठकांत अडीच वर्षं मी त्यांचा आवाज होते. गेल्या डिसेंबरात त्यांचा फोन आला. काम खासगी आहे, रविवारी वाकायामाला जायचंय, दर नेहमीचेच. काम काय, तर एका मुलीच्या वडिलांशी बोलायचं.

मुलीला इंग्रजी चांगलं येत होतं. पण वडिलांनी सांगितलं होतं, तुझ्याच लग्नाची बोलणी मला तुझ्या तोंडून ऐकायची नाहीत. हे मला पटलं. आपल्याकडेही मध्यस्थ काय उगाच लागतो?

शिन-ओसाकापर्यंत शिंकान्सेननं अडीच तास. खिडकीतून फुजी येऊन गेला, साहेबांनी मान वळवली नाही. ते सांगत होते आणि मी पहिल्यांदाच त्यांचं बोलणं कुणालाही न सांगता नुसतं ऐकत होते. बदलीचा हुकूम आला होता, सहा आठवड्यांत दुसऱ्या खंडात रुजू व्हायचं. परदेशी व्यक्तीशी लग्न करायला त्यांच्या मंत्रालयाची परवानगी लागते. अर्ज केला तर उत्तर आलं, आधी रुजू व्हा, मग बघू. नाहीतर राजीनामा.

मला वाटायचं, वकिलातीतली माणसं म्हणजे मोकळी, त्यांना कुणी हात लावू शकत नाही. तसं आहेही. १९६१च्या व्हिएन्ना कराराचं २९वं कलम तेच सांगतं, राजनैतिक अधिकाऱ्याला यजमान देशानं अटक करायची नाही, डांबून ठेवायचं नाही. पण साहेबांनी मला ३२वं कलम सांगितलं. हे संरक्षण सोडायचं झालं तर ते त्या माणसाला स्वतःला सोडता येत नाही, त्याच्या सरकारनं सोडावं लागतं. म्हणजे अंग माझं, पण सातबारा सरकारच्या नावावर. (सातबारा माझा. त्यांनी म्हटलं ते इतकं चांगलं नव्हतं.)

आपल्याकडचे दाखले तेव्हा आठवले. पुढं राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन परराष्ट्र सेवेत असताना ब्रह्मदेशातल्या मा टिंट टिंट यांच्या प्रेमात पडले, आणि १९५१ साली लग्न करायला पंतप्रधान नेहरूंची खास परवानगी लागली. लग्नानंतर त्या उषा नारायणन झाल्या. सी. बी. मुथम्मांचं तर त्याहून अवघड. १९४९ साली सेवेत आलेली ही पहिली बाई, आणि तिच्याकडून लिहून घेतलं होतं की लग्न केलं तर राजीनामा देईन. तीस वर्षांनी, १९७९ साली, त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सेवेतल्या असल्या नियमांवर निकालात चांगलेच ताशेरे ओढले. नारायणनांना परवानगी आणि मुथम्मांना राजीनामा, यातला फरक मी साहेबांना सांगितला नाही. त्यांचा दिवस आधीच वाईट होता.

"शंकराचार्यांसारखं झालं हे," आई मध्येच म्हणाली. आई संस्कृतची मास्तरीण, निवृत्त झाली तरी तास चालूच असतो. मंडनमिश्र आचार्यांशी वादात हरले, पण त्यांच्या बायकोनं, उभयभारतीनं, संन्याशाला कामशास्त्रावर प्रश्न टाकला. आचार्यांनी मुदत मागितली, स्वतःचं शरीर गुहेत शिष्यांच्या राखणीत ठेवलं आणि नुकत्याच मेलेल्या अमरुक राजाच्या देहात शिरले. राजवाड्यात असे रमले की परतायचं विसरले. प्रधानांना संशय आला, राजा एकाएकी इतका शहाणा कसा? हा कुणी योगी असणार, मग राहू दे की. त्यांनी हुकूम काढला, राज्यात जिथं बेवारस प्रेत सापडेल तिथं जाळून टाका. शेवटी शिष्य गवयाच्या वेशात दरबारात गेले, गाऊन त्यांना आठवण दिली, तेव्हा कुठं आचार्य परतले.

"प्रधान हुशार होता," मामा म्हणाला. "चांगला माणूस सापडला तर परत कायले जाऊ देते कोणी? पण मंग त्या साहेबाचं काय झालं?"

वाकायामातल्या आरिदाचा डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडी बांधांच्या पायऱ्यांचा आहे, प्रत्येक पायरीवर मिकानची झाडं. फळ आपल्या संत्र्यापेक्षा लहान, चपटं, बिनबियांचं. घरात कोतात्सुभोवती आम्ही पाच जण बसलो. हे बुटकं टेबल, खाली शेगडी, वरून गोधडी, सगळ्यांचे पाय एकाच उबेत. मधोमध मिकानची परडी. बैठकीत मी मान खाली घालून वहीत बघते, म्हणजे बोलणारे एकमेकांकडे बघतात. इथं ते जमलं नाही. मी वडिलांच्या बरोबर समोर होते. साहेब माझ्या डावीकडून बोलत होते आणि वडील माझ्याकडे बघत होते.

"मला तुमच्या मुलीशी लग्न करायचं आहे," मी म्हणाले. वडिलांनी मान हलवली, माझ्याकडे बघून.

"एकोणीस वर्षं मी माझ्या देशाची नोकरी केली. तुम्ही म्हणाल तर सोडतो."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग वडील म्हणाले, "मी म्हणणार नाही." जपानीत तीन-चार शब्द. इंग्रजीत तेवढेच ठेवले. त्यांत राग होता की नव्हता हे मला कळलं नव्हतं, त्यामुळे तो घालताही आला नाही आणि काढताही.

शांततेत हाताला चाळा म्हणून मी एक मिकान उचललं आणि देठाकडून सोलायला घेतलं. त्या घरात सगळे बुडाकडून सोलत होते. वडिलांच्या ते लक्षात आलं. त्यांनी थेट मला विचारलं, तुमच्या गावी हे फळ होतं का?

आता आमचा दुसरा नियम. दुभाष्याला स्वतःचं तोंड नसतं. स्वतःबद्दल बोलायची वेळ आलीच, तर 'मी' म्हणायचं नाही, तो शब्द दुसऱ्याला दिलेला असतो. मी आधी साहेबांना सांगितलं काय विचारलंय ते, त्यांनी मान डोलावली, आणि मग मी म्हणाले, "दुभाषी सांगते की तिच्या मामाची संत्र्याची बाग आहे."

"मले आणलं त्यात!" मामा खूश.

वडिलांचा पुढचा प्रश्न, "खुंट कशाचा?" म्हणजे कलम कुठल्या झाडावर बांधता. आमच्याकडे जंबेरीवर. जंबेरीला जपानीत काय म्हणतात, देव जाणे. दुभाषी सांगते की काटेरी झाडाचं, खडबडीत सालीचं लिंबू. वडील पहिल्यांदा हसले. त्यांच्याकडे खुंट काराताचीचा. त्यालाही मोठाले काटे, फळ तोंडात घालवत नाही, थंडीत पानं गळून नुसता सांगाडा उरतो, पण गारठ्यात मरत नाही. हे सगळं मी साहेबांना इंग्रजीत सांगत होते आणि मनात म्हणत होते, ही लग्नाची बोलणी आहेत की अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेतला शिवार फेरफटका?

इथं मामानं गोष्ट माझ्या हातातून घेतली. जंबेरीचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की सालीला उभी-आडवी चीर द्यायची, त्यात संत्र्याचा डोळा बसवायचा, पट्टी बांधायची. डोळा फुटला की वरचा जंबेरी छाटून टाकायचा. "मंग खालचा बापुडा जनमभर पाणी ओढते, अन् नाव संत्र्याचं. पण ध्यान ठेवा लागते. सांध्याखालून जंबेरीची फूट निघाली अन् तुम्ही काढली नाही, तर दोन-चार वर्षांत संत्रा मागं पडते, जंबेरीच वरचढ होते."

आरिदाचे वडीलही आम्हाला हेच दाखवायला बाहेर घेऊन गेले. उन्हं उतरली होती, समुद्राकडून गार वारा. घरामागच्या पहिल्या पायरीवर एक जुनं झाड होतं. वडील गुडघ्यावर बसले, बुंध्याजवळचं गवत हातानं बाजूला केलं. जमिनीपासून वीतभर वर सांधा, खालचा भाग वरच्यापेक्षा जाड, साल दोन तऱ्हेची. "माझ्या लग्नाच्या वर्षी लावलं," ते म्हणाले. साहेब वाकले. त्यांनी बोट त्या सांध्यावरून फिरवलं, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. उभे राहिले आणि अगदी कोरड्या आवाजात इंग्रजीत म्हणाले, "मी जातोय."

मुलगी मागं उभी होती, पायात आईच्या चपला. तिला ते माझ्याआधी कळलं होतं. वडिलांना कळायचं होतं, आणि ते माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. दहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कारखाने बंद झाल्याचं सांगितलंय, माणसं गेल्याचं सांगितलंय, आवाज जागचा हलला नाही. ते वाक्य मी शेवटी म्हटलं, पण रडत म्हटलं. साहेबांचे डोळे कोरडे, आणि त्यांची दुभाषी ढसाढसा. वडिलांनी गळ्यातला पंचा काढला आणि माझ्या हातात दिला.

साहेब जानेवारीत रुजू झाले. ती ओसाकात नोकरी करते. दोघं रोज बोलतात, त्यांना दुभाषी लागत नाही. पुढं काय ते ठरलेलं नाही, किंवा ठरलं असेल तर मला सांगायचं कारण नाही. हे लिहू का म्हणून विचारलं तर साहेबांचं एका ओळीचं उत्तर आलं, "लिहा, पण मी रडलो असं लिहू नका." मी त्या दिवसाचं बिल पाठवलं होतं, प्रवासखर्च धरून. त्यांनी दुसऱ्याच दिवशी भरलं.

निघताना वडील स्टेशनापर्यंत सोडायला आले होते. फलाटावर त्यांनी एकच वाक्य म्हटलं. "करादा नि कि ओ त्सुकेते." शब्दशः, अंगाकडे लक्ष असू द्या. जपानी माणूस निरोप घेताना सर्रास म्हणतो हे, आपण 'तब्येतीला जपा' म्हणतो तसं. कुणाच्या अंगाकडे, ते वाक्यात नसतं.

"मंग कोणाले म्हटलं त्यानं?" मामानं विचारलं.

"माहीत नाही. मी साहेबांना सांगितलं."

"बघत कोणाकडं होता?"

"माझ्याकडे. पण तो दिवसभर माझ्याकडेच बघत होता."

"सोबत काही दिलं?" हे आत्यानं विचारलं.

"पिशवीभर मिकान."

"कोणाच्या हातात?"

मी गप्प बसले. आत्यानं करंडीतलं एक संत्रं उचललं, उलटं धरलं आणि बुडाकडून सोलून बघायला लागली.