कमी खर्चातली माल्ट एक्स्ट्रॅक्ट बिअर: १० लिटरच्या बॅचची नोंद

माल्ट एक्स्ट्रॅक्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या तयार गोड अर्कापासून केलेली बॅच आता बाटल्यांत गेली आहे, म्हणून सगळं ताजं असतानाच लिहून ठेवतो. ज्यांना कमी पैशांत सुरुवात करायची आहे त्यांना यातलं बरंच जसंच्या तसं उचलता येईल. घरी बिअर करण्याबद्दल आपल्याकडे कायदा काय म्हणतो ते मात्र आधी बघून घ्या.

माझं धोरण एकच: भांड्यांवर वाचवायचं, यीस्टवर आणि स्वच्छतेवर नाही. २० ऐवजी १० लिटरची बॅच धरली की घरातलं स्टीलचं पातेलं पुरतं. मोठी केटल नको, थंड करायला तांब्याची कॉइल नको. फर्मेंटर (आंबवायचं भांडं) म्हणजे घट्ट झाकणाची १५ लिटरची फूड-ग्रेड बादली, झाकणाला भोक पाडून बसवलेला एअरलॉक (गॅस बाहेर सोडतो, हवा आत येऊ देत नाही). बादली आतून ओरखडे नसलेलीच हवी, ओरखड्यांत जंतू राहतात आणि सॅनिटायझर तिथवर पोचत नाही. पैसे मोजले ते लावल्यावर पुन्हा धुवावं न लागणाऱ्या सॅनिटायझरला, चांगल्या ड्राय यीस्टला आणि द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरला.

एक्स्ट्रॅक्ट घेताना किलोचा भाव बघू नका. १० लिटरमध्ये १ किलो पावडर साधारण ३७ पॉइंट देते, म्हणजे ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, पाणी १.०००) १.०३७. पाकासारखं द्रव एक्स्ट्रॅक्ट तेवढंच घातलं तर ३० च्या आसपास, कारण त्यात सुमारे पाचवा हिस्सा पाणीच असतं. भाव पॉइंटमागे काढला की स्वस्त वाटणारा डबा बऱ्याचदा तितका स्वस्त उरत नाही. शिवाय द्रव एक्स्ट्रॅक्ट पडून राहिलं की काळवंडतं आणि बिअरला शिळी चव येते. मी फिकट पावडर घेतली, १.२ किलो.

पातेल्यात ५ लिटर पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर आधी कॅम्पडेन गोळीचा (क्लोरीन घालवणारी सल्फाइटची गोळी) तुकडा टाका, नाहीतर बिअरला औषधासारखा वास येतो. पावडर उकळत्या पाण्यात ओतू नका: वाफ पिशवीच्या तोंडाशी लागते, पावडर तिथेच चिकट होते आणि पाण्यात पडलेल्या भागाच्या गुठळ्या होतात. गॅस बंद ठेवून, पाणी कोमट असताना ढवळत घातली की छान विरघळते. सुरुवातीला ५०० ग्रॅमच घातली. उरलेली शेवटच्या १५ मिनिटांत, त्या वेळीही गॅस बंद करून. यामुळे रंग फिकट राहतो आणि हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं) कडूपणाही नीट उतरतो. पहिल्या उकळीला फेस झरझर वर येतो, तेव्हा पातेल्यापासून हलायचं नाही. कडूपणाचे हॉप्स ६० मिनिटं, सुगंधाचे शेवटची ५. मग पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवलं आणि वॉर्ट (न आंबलेला गोड काढा) बादलीत घेऊन आदल्या दिवशी उकळून थंड केलेल्या पाण्याने १० लिटर भरलं. ग्रॅव्हिटी १.०४४. हिशेबाला अगदी धरून!

११.५ ग्रॅम यीस्टच्या पाकिटातलं अर्धंही या बॅचला पुरतं, मी पूर्ण टाकलं. यानंतरचे तीन-चार दिवस सगळ्यांत महत्त्वाचे. आंबताना वॉर्ट स्वतःच तापतं, त्यामुळे खोलीपेक्षा बादलीच्या आतलं तापमान दोन-चार अंश जास्त असतं. बादली पाण्याच्या टबात उभी केली, भोवती ओलं फडकं आणि टबात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आलटून पालटून. एवढ्यावर १९-२० अंश टिकले, वेगळा फ्रीज लागला नाही. बिअरची चव सुधारायला याहून स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही.

एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं धरू नका. दोन-तीन दिवसांच्या अंतराने हायड्रोमीटरवर तोच आकडा यायला हवा. माझा १.०१२ वर थांबला. फरक ३२ पॉइंट, म्हणजे अल्कोहोल साधारण ४.२ टक्के. हायड्रोमीटरचे पैसे इथे वसूल होतात: आंबणं अर्धवट असताना बाटल्या भरल्या तर काच फुटू शकते.

तळाचा साका सोडून ९ लिटर मिळाली. बाटलीत गॅस धरावा म्हणून साखर लिटरला ६.५ ग्रॅम, म्हणजे ५८ ग्रॅम, थोड्या पाण्यात उकळून. तो पाक आधी दुसऱ्या बादलीत, मग नळी तळाशी टेकवून बिअर वरून, फेस न होऊ देता. बाटल्या जुन्याच, बिअरच्या जाड काचेच्या. एक मात्र सोड्याची प्लास्टिकची भरली, ती हाताने दाबून आत गॅस किती धरला ते कळतं. काल दाबली तर चांगलीच टणक लागली. अजून आठवडाभर खोलीतच ठेवून मग फ्रीजमध्ये.

पुढच्या बॅचला हेच यीस्ट, हेच हॉप्स, फक्त २५० ग्रॅम क्रिस्टल माल्ट (भाजलेली, गोडसर चवीची मोड आणलेली बार्ली) कापडी पिशवीत बांधून ६५-७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास. बदल एकच ठेवतोय, म्हणजे चवीत जो फरक पडेल तो कशाचा ते नेमकं कळेल.