पालकातले आणि तुपातले अ जीवनसत्त्व

आहारतक्त्यांमध्ये गाजर, पालक, शेवग्याचा पाला आणि अंड्याचा बलक यांच्यापुढे ‘अ जीवनसत्त्व’ या एकाच शीर्षकाखाली आकडे छापलेले असतात आणि त्यामुळे ते सगळे सारखेच अंगी लागते, असा समज होतो. वास्तविक भाज्यांत हे जीवनसत्त्व नसतेच; तिथे असते ते बीटा कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व घडवू शकते असे रंगद्रव्य.

यकृत, दूध, तूप आणि बलक यांत रेटिनॉल, म्हणजे खुद्द अ जीवनसत्त्व, तयार स्वरूपात, मेदाम्लाशी जोडलेले असते. आतड्यातील विकरे (एन्झाइम) ही जोडणी तोडतात, पित्तरसाच्या मदतीने रेटिनॉल पेशींत शिरते, तिथे पुन्हा मेदाम्लाशी जोडले जाऊन लसीकावाहिन्यांमार्गे रक्तात येते आणि यकृतात साठते. सुमारे 70 ते 90 टक्के शोषले जाते.

बीटा कॅरोटीनची वाट मात्र बिकट आहे. पालेभाजीत ते हरितलवकांतील प्रथिनांत गुंतलेले असते. चिरून, शिजवून, चावून ते मोकळे झाले आणि सोबत थोडे तेल-तूप असले, तरच ते शोषले जाते. त्यानंतर आतड्याच्या पेशीतील विकर त्याचा रेणू मधोमध तोडते. कागदावर एकातून रेटिनॉलचे दोन रेणू मिळायला हवेत. पण अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2001 साली मांडलेल्या हिशेबानुसार 1 मायक्रोग्रॅम रेटिनॉलसाठी अन्नातले 12 मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीन लागते, आणि तेच तेलात विरघळवून घेतल्यास 2 पुरतात. इंडोनेशियातल्या पश्चिम जावातील स्तनदा मातांवरचा, 1995 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर अधिकच बोलका आहे: रोज हिरव्या पालेभाज्या खाऊनही त्यांच्या रक्तातील रेटिनॉल वाढले नाही, वेफर बिस्किटातून बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांचे वाढले. म्हणून पालेभाजीवरची तेलाची फोडणी मला निव्वळ चवीची बाब वाटत नाही. आंबा-पपईतले कॅरोटीन त्या मानाने सहज सुटते.

शरीराची ही कंजुषी उपयोगाचीही आहे. रेटिनॉल पुरेसे असले, की कॅरोटीनचे शोषण आणि विघटन दोन्ही मंदावतात. त्यामुळे गाजरांच्या अतिरेकाने तळहात पिवळे पडतात, पण विषबाधा होत नाही. तयार रेटिनॉलला असा अडसर नाही. जादा यकृत किंवा गोळ्या घेतल्यास ते साचत जाते आणि गर्भवतींमध्ये तर गर्भातील बाळाला अपाय होऊ शकतो. याच साठवणीच्या आधारावर आपल्याकडे बालकांना नवव्या महिन्यात अ जीवनसत्त्वाचा 1 लाख आंतरराष्ट्रीय एककांचा आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 लाख एककांचा डोस पाजला जातो.