चौदा मिलिलिटर

रीडिंगवर सही करताना मी फारसं बघत नाही, हे आधीच कबूल करून टाकते. पहिल्या वर्षाची अठरा जणांची बॅच, प्रत्येकाची तीन रीडिंग आणि सगळी एकाच सुमाराची. परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून एक द्रावण थेंबाथेंबाने दुसऱ्यात सोडून ते किती लागतं हे मोजणं, मी इतक्या वेळा घेतलंय की जर्नल उघडायच्या आधीच सीबीआर, म्हणजे लागोपाठ सारखं येणारं ब्युरेटचं रीडिंग, मला ठाऊक असतो. १०.० मिली. फ्लास्कमध्ये दहा मिली ०.०५ मोलर (मोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) ऑक्झॅलिक आम्ल, ब्युरेटमध्ये ०.०२ मोलर परमँगनेट. दोन परमँगनेटला पाच ऑक्झॅलेट लागतात, म्हणजे दहाच यायला हवेत.

अडचण एवढीच की हे मुलांनाही ठाऊक असतं. मागच्या वर्षीचं एखादं जर्नल बॅचमध्ये फिरत असतंच.

त्या दिवशी चौदा सह्या होऊन गेल्या होत्या. पंधरावी मुलगी जर्नल छातीशी धरून उभी राहिली, टेबलावर ठेवेना.

"मॅडम, माझं चुकलंय बहुतेक. पुन्हा करू का?"

१४.१, १४.०, १४.०.

ही मुलगी मला आठवत होती. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, वेगळं उत्तर आलं तर किती मार्क जातात? रसायनशास्त्राला येणारी बरीच मुलं रंग, धूर आणि बारीकसा स्फोट मनात धरून येतात. ते फार थोडं मिळतं. निम्मा वेळ काच धुण्यात आणि काहीतरी तापण्याची किंवा गाळलं जाण्याची वाट बघण्यात जातो, उरलेला लॉगॅरिथम आणि डेरिव्हेटिव्हमध्ये. गणितातून सुटका झाली म्हणून इकडे आलेल्यांची तोंडं श्रोडिंगरचं समीकरण फळ्यावर आलं की बघण्यासारखी होतात. पण हे सगळं मुलं पचवतात. पचत नाही ती एक गोष्ट: प्रयोगाचं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही तर काय करायचं. शाळेत त्याचं एकच उत्तर असतं, जुळवायचं.

मीही तेच गृहीत धरलं. चूक तिचीच.

"ब्युरेट कशाने विसळलीस?"

"आधी पाण्याने, मग परमँगनेटने दोनदा."

म्हणजे आत पाणी राहून द्रावण पातळ झालेलं नाही. नोझलमधला बुडबुडा काढला होता. रीडिंग वरच्या कडेचं घेतलं होतं, कारण परमँगनेट इतकं गडद असतं की खालचा वक्र दिसतच नाही. सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं असतं तर फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला असता आणि परमँगनेट जास्त खर्ची पडलं असतं; तिच्या फ्लास्कमध्ये स्वच्छ फिका गुलाबी रंग होता. माझ्याकडचे प्रश्न संपले.

"माझ्यासमोर कर एकदा."

तिने बल्ब लावून पिपेट भरली, टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवून रिकामी केली, शेवटचा थेंब फुंकून काढला नाही. फ्लास्क तापायला ठेवला. साठ ते सत्तर अंश हवेत, त्याहून फार वर गेलं तर ऑक्झॅलिक आम्लच मोडायला लागतं. थर्मामीटर वर चढेपर्यंत ती ब्युरेटकडे बघत म्हणाली, "मॅडम, रंग डी-इलेक्ट्रॉनमुळे येतो ना? मग यात मँगनीज अधिक सात आहे, त्याच्याकडे तर एकही डी-इलेक्ट्रॉन उरत नाही." हा प्रश्न मला पहिल्या वर्षात क्वचित येतो. ऑक्सिजनवरचा इलेक्ट्रॉन प्रकाश शोषून मँगनीजकडे उडी मारतो, त्याचा हा जांभळा, एवढं सांगितलं. आणि पाच डी-इलेक्ट्रॉन असलेलं मँगनीज अधिक दोन फ्लास्कमध्ये जवळजवळ बिनरंगी दिसतं, हेही. शाळेत सांगितलेलं अर्धं इथे परत दुरुस्त करून घ्यावं लागतं.

मग पहिला थेंब पडला. गरम द्रावणातही तो तसाच जांभळा फिरत राहिला, आता जाईल, मग जाईल, असं करत. घाईतली मुलं इथेच 'एंड पॉइंट आला', म्हणजे रंग टिकला, अभिक्रिया संपली, म्हणून ओरडतात. ती फ्लास्क हलवत थांबली. पुष्कळ वेळाने रंग एकदम विरला. दुसरा थेंब लवकर गेला, तिसरा पडता पडताच. अभिक्रियेत तयार होणारं मँगनीजच पुढची अभिक्रिया पळवतं, म्हणून सुरुवात रडतखडत आणि मग झपाझप. हे मी शेकडो वेळा पाहिलंय, तरी दरवेळी बघत उभी राहते. दहा मिली गेले. अकरा. बारा. शेवटी थेंबाथेंबाने. एक थेंब टिकला.

१४.०.

आता संशय परमँगनेटवर. ते साठवणीत कमकुवत होतं, म्हणून तर त्याची मोलॅरिटी दरवेळी काढावी लागते. तिला म्हटलं, सोडियम ऑक्झॅलेट ०.६७० ग्रॅम तोल, शंभर मिली कर, म्हणजे तेही ०.०५ मोलर, आणि त्यावर टायट्रेट कर. परमँगनेट बिघडलं असेल तर इथेही चौदाच येतील.

ती तराजूकडे गेली आणि मी सहज ओट्यांमधून एक चक्कर मारली. मारली नसती तर बरं झालं असतं, असं त्या क्षणी वाटलं. एका ब्युरेटमध्ये जांभळी कड चौदाच्या रेघेवर. शेजारच्या ब्युरेटमध्ये चौदाच्या जरा खाली. तिसऱ्यात साडेतेरा, ते बहुधा मध्येच थांबले होते. आणि याच ओट्यांवरच्या जर्नलांत १०.०, १०.०, १०.०, खाली माझी सही.

आर्गॉनची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. लॉर्ड रॅले यांनी हवेतून काढलेला नायट्रोजन रासायनिक रीतीने केलेल्या नायट्रोजनपेक्षा जड भरत होता, फरक जेमतेम अर्धा टक्का. तो त्यांनी झाकला नाही आणि १८९४ मध्ये रॅमसे यांच्याबरोबर त्यातून नवं मूलद्रव्य बाहेर पडलं. छान रंगवून सांगते. इथे माझ्या टेबलापासून चार पावलांवर चाळीस टक्क्यांचा फरक उभा होता आणि मी त्यावर चौदा सह्या ठोकल्या होत्या.

"मॅडम, दहा आले."

सोडियम ऑक्झॅलेटवर १०.०५, १०.०, १०.०. म्हणजे परमँगनेट ठणठणीत. गडबड ऑक्झॅलिक आम्लात. आणि लॅब असिस्टंट रजेवर असल्यामुळे ते द्रावण सकाळी मी स्वतः केलं होतं.

"पण मी ६.३० ग्रॅमच घेतलंय," मी तिला सांगितलं, जणू तिनेच आरोप केला होता. एक लिटरला ०.०५ मोल, रेणुभार १२६.०७. यात चुकण्यासारखं काय आहे?

कपाटातून बाटली काढून तिच्या हातात दिली. तिने लेबल वाचलं, मग जर्नलच्या मागच्या पानावर काहीतरी भागाकार केला, परत लेबल वाचलं.

"मॅडम, यावर ९०.०३ लिहिलंय."

निर्जल ऑक्झॅलिक आम्ल. आमच्या नेहमीच्या बाटलीत प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू असतात, रेणुभारातले जास्तीचे छत्तीस त्यांचेच. तशीच पांढरी बाटली, तसंच झाकण, त्याच फळीवर. सकाळी घाईत सील मीच फोडलं होतं. तिच्या भागाकाराचं उत्तर पानावर होतं: १२६.०७ भागिले ९०.०३, १.४००. द्रावण ०.०५ नव्हतंच, ०.०७ होतं. स्फटिकजलावरचं लेक्चर त्याच आठवड्यात घेतलं होतं मी. चांगलं झालं होतं.

सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. चूक माझी आहे, सकाळी चुकीची बाटली घेतली, हे आधी सांगितलं. मग विचारलं, चौदा कोणाकोणाला आले? कोणीच हलेना. मागून एक हात अर्धा वर आला. मग दुसरा. कोणीतरी हसलं आणि मग एकेक करत सतरा हात वर गेले. परमँगनेटने बोटं तपकिरी झालेली सगळ्यांचीच. रागावायचं मी ठरवलं होतं, पण रागावणार कोणत्या तोंडाने? त्यांना दहा हवे होते, कारण मला दहा हवे असतात. चौदा घेऊन आलेल्या मुलीची मी पाऊण तास उलटतपासणी केली; दहा लिहिलेल्यांना एक प्रश्न विचारला नव्हता.

सह्या खोडल्या. चौदाच्या चौदा.

"मॅडम," अर्धा हात वर करणारा मुलगा म्हणाला, "मग आता जर्नलमध्ये कोणतं लिहायचं?"

ब्युरेटमध्ये जे दिसलं ते, म्हटलं. त्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

तिचं जर्नल सगळ्यात शेवटी आलं. शेवटच्या पानावर 'त्रुटीची संभाव्य कारणे' असा रकाना असतो. तिथे बहुतेक जण डोळा रेघेच्या पातळीत नव्हता असं लिहितात, प्रयोग कुठलाही असो. तिने तो रकाना कोरा ठेवला होता.

"इथे काय लिहू?"

"जे झालं ते."

तिने जरा विचार करून लिहिलं, 'लेबल न वाचता द्रावण तयार करण्यात आले.' कोणी केलं ते लिहिलं नाही. मी पेन घेऊन 'करण्यात आले'च्या आधी 'मॅडमकडून' घातलं आणि खाली सही केली. या वेळी वाचून.