चाचणी थांबल्यावर रुग्णाचे काय?

कंपवातात (पार्किन्सनच्या आजारात) हालचालींसाठी लागणारे डोपामाइन हे रसायन मेंदूत तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. जीडीएनएफ हे प्रथिन त्यांना तगवू शकेल, अशी आशा प्राण्यांवरील प्रयोगांनी निर्माण केली होती. रक्तातून ते मेंदूत पोहोचत नाही, म्हणून इंग्लंडमधील ब्रिस्टॉलमध्ये मेंदूशल्यविशारद स्टीव्हन गिल आणि सहकाऱ्यांनी पाच रुग्णांच्या मेंदूत बारीक नळ्या बसवून ते थेट सोडले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष उत्साहवर्धक होते; मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि कंपवातात गुण येण्याच्या नुसत्या अपेक्षेनेही डोपामाइन वाढू शकते.

म्हणून अ‍ॅमजेन कंपनीने ३४ रुग्णांवर चाचणी घेतली. सर्वांच्या मेंदूत नळ्या आणि पोटाच्या त्वचेखाली पंप बसवले गेले. पण पहिले सहा महिने निम्म्यांना औषध मिळाले नाही. त्या मुदतीअखेर दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. काही रुग्णांच्या रक्तात जीडीएनएफविरुद्ध प्रतिपिंडे आढळली, तर जास्त मात्रा दिलेल्या काही माकडांच्या लहान मेंदूला इजा झालेली दिसली. २००४ मध्ये कंपनीने औषध बंद केले. आपल्याला गुण येत होता असे सांगणारे काही रुग्ण न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये हरले.

औषध थांबवणे मला चूक वाटत नाही. रुग्णाला जाणवलेली सुधारणा खोटी नसते, पण ती कशामुळे झाली हे त्याला आतून कळत नाही. (२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिस्टॉलच्या ४१ रुग्णांच्या चाचणीतही मुख्य निकषावर औषध सरस ठरले नाही.) खटकते ते वेगळेच: गोळी घेणारा ती सोडून घरी जातो, कवटीला छिद्र पाडून घेतलेल्याला मात्र निरुपयोगी पंप बाळगावा लागतो किंवा तो काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते; तरीही प्रयोग केव्हा आणि कसा संपवायचा, या निर्णयात त्याला स्थान नसते. संमतिपत्रात थांबवण्याचा अधिकार प्रायोजकाकडे राखलेला असतो, आणि आशेने आलेला माणूस ते कलम कितपत लक्ष देऊन वाचणार?

भारताच्या २०१९ च्या क्लिनिकल चाचणी नियमांत चाचणीनंतर औषध मोफत देण्याची तरतूद आहे. त्यासाठी संशोधकाची शिफारस, नैतिकता समितीची मान्यता आणि रुग्णाची लेखी संमती लागते. परंतु त्या आजारावर पर्यायी उपचार उपलब्ध नसला पाहिजे, अशीही अट आहे. कंपवातावर लेव्होडोपा हे औषध आहेच. त्यामुळे अशी चाचणी उद्या मुंबईत झाली, तर तिथल्या रुग्णालाही या तरतुदीचा आधार बहुधा मिळणार नाही.