चुडा, मनगट आणि अठराचा आकडा

बालकल्याण समितीचं पत्र होतं: एका मुलीचं वय ठरवण्यासाठी हाडांची तपासणी. सोबत महिला पोलीस, मुलीचे मामा-मामी. कुटुंब ऊसतोडीचं, मूळचं बीडकडचं. पुणे जिल्ह्यातल्या एका कारखान्याजवळ पालं पडली होती आणि तिथंच हळदीच्या दिवशी लग्न अडवलं होतं. पोरगी शाळेत गेलीच नाही, दाखला कुठून आणू, असं मामाचं म्हणणं. वय विचारलं की एकच उत्तर, "अठरा पुरी झाली."

मनगटाच्या एक्स-रेला बांगड्या काढायला लावतो, काच फिल्मवर उमटते. मामी कळवळून म्हणाली, "भरलेला चुडा उतरवू नका हो." आमच्या टेक्निशियन ताईंनी वाद घातला नाही. मनगटाच्या वेळी बांगड्या कोपराकडे सरकवल्या, कोपराच्या वेळी पुन्हा मनगटावर आणल्या. तळहात उसाच्या पात्यांनी चरचरा कापलेले होते. मग खांदा आणि कंबर.

हाडाच्या टोकाशी वाढीची कुर्चेची पट्टी असते, ती ग्रोथ प्लेट; वाढ संपली की ती जुळून जाते. बोटांच्या ग्रोथ प्लेट सगळ्या जुळलेल्या, पण रेडियसच्या, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंगठ्याकडच्या हाडाच्या, खालच्या टोकाशी रेघ शिल्लक. कोपर जुळलेलं, खांदा अजून नाही. कमरेच्या हाडाची कड उमटली होती, चिकटली नव्हती. ग्रॉयलिक आणि पाईल यांच्या ॲटलसमध्ये, म्हणजे वयावार हातांच्या एक्स-रेंच्या संग्रहात, या हाताशी जुळणारं चित्र १६ वर्षांच्या मुलीचं.

पण तो ॲटलस कोणाच्या हातांवरून बनला? १९३१ ते १९४२ या काळात अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात काढलेल्या एक्स-रेंवरून, तेही सुखवस्तू गोऱ्या घरांतल्या मुलांच्या. पोटाला पुरेसं न मिळालेल्या मुलांची हाडं बऱ्याचदा मागे राहतात. म्हणजे हाडं १६ सांगत असली तरी मुलगी १८ची असू शकते. मामाला हवं असलेलं वाक्य माझ्याच अहवालात जाणार होतं, आणि ते गाळणं मला मान्य नव्हतं. तसंच, कुपोषित दिसते म्हणून दीडदोन वर्षं मनानं वाढवून लिहिणंही नाही. गटाची सरासरी एका पोरीच्या हाडांत मिळवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही १९८२ साली जयमाला प्रकरणात अशा तपासणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक धरला आहे.

तेवढ्यात ताई आत आल्या. "मॅडम, सातवीपर्यंत गेलेय म्हणते. हात धरताना सहज विचारलं मी."

बाल न्याय कायदा २०१५, कलम ९४: आधी शाळेची नोंद, ती नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. मी अहवालात १५ ते १८ असा पल्ला लिहिला, ॲटलस कोणत्या मुलांचा तेही लिहिलं आणि खाली ठळक अक्षरांत: मुलगी सातवीपर्यंत शिकल्याचं सांगते, शाळेची नोंद आधी मागवावी. महिला पोलिसांनी बाहेर जाऊन गावाकडे फोन लावला.

जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरची प्रत समितीकडे आली. पंधरा पूर्ण, सोळावं चालू. कुपोषण गृहीत धरून मी वय वाढवलं असतं तर किती मोठा घात झाला असता! तिची हाडं मागे नव्हतीच, क्लीव्हलंडच्या मुलींपेक्षा थोडी पुढेच होती.

समितीनं शाळेची नोंद ग्राह्य धरली. मुलगी पालावर परत गेली नाही, तिला मुलींच्या बालगृहात ठेवलं आणि आठवीच्या प्रवेशासाठी शाळेकडून दाखला मागवला.