पाने वाटेत मिळतात, बेअरिंग मिळत नाही

“ताई, ट्रेलर घेऊन निघताना हत्यारं कोणती घेता?” खारघरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगपासून दिवेआगरच्या किनाऱ्यापर्यंत मला हा प्रश्न सगळीकडे विचारतात. गेल्या महिन्यात आमच्याच विंगमधल्या एका जोडप्याने छोटा कॅम्पर ट्रेलर घेतला आणि थेट यादीच मागितली. यादी मी त्यांना दिली, पण ती तशी का आहे हे सांगायचं राहून गेलं. हा प्रश्न अनेकांचा आहे, म्हणून ते इथे लिहिते.

मी महाप्याच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनेलच्या टेस्टिंगमध्ये नोकरी केली. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी एका फॅब्रिकेटरकडून ट्रेलर बनवून घेतला. दोघांपुरती झोपायची जागा, मागे शेगडीचा छोटा ओटा, एक १२ व्होल्टची बॅटरी, टपावर सोलर पॅनेल. वजन साडेसहाशे किलो, स्वतःचे ब्रेक नाहीत. आमच्या बोलेरोमागे तो छान चालतो.

पहिल्या वर्षी मी शंभराहून जास्त नगांची गोटी पान्यांची (सॉकेटची) पेटी घेऊन निघायचे. आता ती घरीच असते. आपल्याकडे मोठ्या रस्त्यावर थोडंफार पुढे गेलं की पंक्चरवाला भेटतो, त्याच्या पुढे गॅरेज. पाने, हातोडी, जॅक, वेल्डिंग सगळं त्यांच्याकडे असतं आणि हात आपल्यापेक्षा सराईत असतो. माझ्या ट्रेलरचं बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो भाग, मात्र त्यांच्याकडे नसतं. बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायलाही त्यांना वेळ लागतो, कारण असा ट्रेलर बहुतेकांनी कधी उघडलेला नसतो. म्हणून माझ्या डब्यात दोनच प्रकारच्या वस्तूंना मानाची जागा आहे: बिघाड दाखवणाऱ्या, आणि वाटेत न मिळणाऱ्या.

दाखवणाऱ्यांत माझी सगळ्यात लाडकी म्हणजे दहा मीटर काळी वायर, दोन्ही टोकांना मगरीच्या जबड्यासारखे क्लिप लावलेली. घरीच केली. ती का, ते ताम्हिणीत कळलं. जुलै महिना, दुपारी तीनलाच दिवेलागणीचा अंधार, पाऊस आडवा. मागून येणाऱ्या एका टेम्पोवाल्याने ओव्हरटेक करताना ओरडून सांगितलं की तुमचे मागचे दिवे काहीतरी विचित्र करतायत. रुंद जागा बघून थांबलो. डावा इंडिकेटर दिला की दोन्ही बाजूंचे दिवे मंद लुकलुकायचे, ब्रेक दाबला की टेललाइट विझायची. बल्ब बदलायचा मोह होतो इथे. पण अनेक दिवे एकदम वेड्यासारखे वागतात तेव्हा बल्बपेक्षा अर्थिंगचा संशय आधी घ्यावा. करंटला परतीची वाट नीट मिळाली नाही की तो दुसऱ्या बल्बांमधून वाट शोधतो.

वायरचं एक टोक गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं मल्टीमीटरला (व्होल्ट मोजायच्या मीटरला), आणि मीटरची लाल पिन ट्रेलरच्या टेललॅम्पच्या पत्र्याला टेकवली. दिवे चालू असताना तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं, अगदी पाव व्होल्टच्या आत. मीटरने चार व्होल्ट दाखवले. मग मीटर काढून तोच क्लिप थेट लॅम्पच्या पत्र्याला चावायला लावला, आणि दिवे लख्ख पेटले. शोध संपला. हुकाजवळ अर्थिंगचं थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, चासीला बोल्टने आवळलेलं होतं, पण खालचा रंगच खरवडलेला नव्हता, आणि दोन पावसाळ्यांत तिथे गंज धरला होता. कानशीने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीनचा थर दिला. नवरा छत्री धरून उभा होता, तरी मी कोपरापर्यंत भिजले. वीस मिनिटांत आम्ही परत रस्त्यावर होतो.

ट्रेलरचे दिवे गाडीला जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगमध्ये ३ नंबरची पिन अर्थिंगची आणि तिची वायर पांढरी, असा मापदंड आहे. पण आपल्याकडे बनवणारा हाताला येईल त्या रंगाची वायर ओढतो. त्यामुळे रंगावर विसंबू नका. घरी एकदा मीटर लावून प्रत्येक पिनचं काम कागदावर लिहून ठेवा.

त्याच मीटरने रोज सकाळी बॅटरीही बघते. साधी लेड-अॅसिड बॅटरी रात्रभर आराम करून १२.६ ते १२.७ दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. त्याच्या खाली मी पंखा लावत नाही. लिथियम बॅटरीला हा हिशेब लागू नाही, तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत फारसा हलत नाही.

दुसरी दाखवणारी वस्तू म्हणजे लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन. चकचकीत धातूवर ती तापमान कमी दाखवते, म्हणून दोन्ही हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या, ज्यात बेअरिंग बसतं) टोपीवर मी काळ्या टेपचा तुकडा चिकटवलाय. प्रत्येक थांब्यावर चहाच्या आधी दोन्ही चाकं मोजते. गन नसेल तर हाताची मागची बाजू हबजवळ न्या, तेवढंही पुरतं. आकड्यापेक्षा दोन बाजूंतला फरक महत्त्वाचा.

गोव्याच्या रस्त्याला वडखळला दोन्ही बाजू सारख्याच कोमट होत्या. माणगावला डावीकडे ४१ अंश, उजवीकडे ८३. आमच्या ट्रेलरला ब्रेकच नाहीत, म्हणजे उष्णता बेअरिंगचीच. जॅकवर चाक उचलून फिरवलं तर दळण दळल्यासारखा खरखर आवाज. तसेच पुढे गेलो असतो तर चाक जाम झालं असतं, किंवा एक्सल सोडून निघून गेलं असतं.

जवळच्या गॅरेजमधले दादा हब उघडून म्हणाले, “काकू, बेअरिंग गेलंय. हे इथं नाही मिळायचं, पनवेलहून मागवावं लागेल. उद्या दुपार.” मी डबा पुढे केला. आतलं बेअरिंग ३०२०६, बाहेरचं ३०२०५, ऑइल सील, नट सुटू नये म्हणून अडकवायच्या चार स्प्लिट पिना, एपी-थ्री ग्रीसचा डबा. कळंबोलीला ट्रकच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून मी हा संच घेऊन ठेवते. ते नंबर एकदा समजून घेतले की भीती जाते: शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. ०६ म्हणजे ३०, ०५ म्हणजे २५. आमच्या ट्रेलरच्या दाराच्या आतल्या बाजूला हे नंबर, सीलचं माप, टायरची हवा, चाकाच्या नटांचं माप, सगळं पेंटने लिहिलंय.

डब्यात एक पितळी दांडाही आहे, वीतभर, भंगारातून वजनावर घेतलेला. बेअरिंगची बाहेरची रिंग हबमध्ये घट्ट बसलेली असते आणि नव्या बेअरिंगबरोबर तीही बदलावीच लागते. छिन्नीने ठोकली तर हबला चरे पडतात. पितळ मऊ, ते स्वतः चेपतं. दादांनी दांडा हातात घेऊन बघितला, काही बोलले नाहीत, आणि त्यानेच काम केलं. जुनं ग्रीस डिझेलने पूर्ण धुतलं, नवं तळहातावर घेऊन रोलरच्या फटींत दाबून भरलं. नट आवळताना चाक फिरवत राहायचं, किंचित जड लागलं की पाव फेरा सैल करायचा, मग फक्त बोटांनी टेकवायचा आणि नवी स्प्लिट पिन घालायची. हा नट जोर लावून आवळला तर नवं बेअरिंगही जळतं. दीड तासात आम्ही निघालो. पन्नासेक किलोमीटरवर थांबून चाकाचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासले.

बाकीचं थोडक्यात. चाकाचा पाना ट्रेलरचा वेगळा घ्या. आमच्या गाडीचा ट्रेलरला बसत नाही आणि हे आम्हाला पंक्चर झाल्यावर कळलं. बॉटल जॅकखाली लावायला जाड सागाची फळी हवीच, नाहीतर कोकणातल्या ओल्या मातीत जॅक खाली जातो आणि ट्रेलर तिथेच राहतो. चाकामागे लावायला दोन लाकडी ठोकळे. १२ व्होल्टचा हवेचा पंप, हवा मोजायचं मीटर, फ्यूज, केबल टाय, डोक्याला बांधायचा टॉर्च. टपाच्या सांध्यांतून पाणी येऊ नये म्हणून चिकट ब्यूटाइल टेप. सिलिकॉन एकदा लावलं की पुढे त्यावर दुसरं काही धरत नाही, म्हणून ते मी ट्रेलरला लावूच देत नाही.

आणि साबणाच्या पाण्याची स्प्रे बाटली. प्रत्येक मुक्कामी सिलिंडर जोडला की रेग्युलेटर आणि नळीच्या जोडांवर मारते; बुडबुडा आला तर शेगडी पेटवायची नाही. गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो, आणि आपण त्या ट्रेलरमध्ये झोपतो. या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही, घाई असली तरी.

हा सगळा डबा ट्रेलरच्या मागच्या टोकाला मात्र ठेवू नका. मागे वजन वाढलं की हुकावरचा भार कमी होतो आणि एक्स्प्रेसवेवर ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो. माझा डबा गाडीतच असतो.

त्या जोडप्याच्या ट्रेलरला कोणतं बेअरिंग आहे हे बनवणाऱ्यालाही सांगता आलं नाही. येत्या रविवारी सकाळी सात वाजता पार्किंगमध्ये आम्ही त्यांचं चाक काढणार आहोत. पितळी दांडा मी नेते. डिझेल आणि दारावर लिहायला पेंट त्यांनी आणायचाय.